इंधन मागे न टाकता यान पुढे जाईल का?

प्रश्न ठाण्यातल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या दोघा विद्यार्थ्यांचा आहे. थोडक्यात असा: अंतराळात काहीही मागे न फेकता यान पुढे ढकलता येईल का? नासाच्या प्रयोगशाळेत ज्याची चाचणी झाली त्या तांब्याच्या शंकूचं, म्हणजे ईएमड्राइव्हचं, पुढे काय झालं? आणि आम्ही फिरत्या वजनांचं एक यंत्र बनवलं आहे, ते टेबलावर खरोखर एकाच दिशेला सरकतं. त्यावर प्रोजेक्ट करावा का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र गुंफले गेले आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. फेकायला वस्तुमान बरोबर न नेता यानाला ढकलता येतं का? येतं. हे आज चालू आहे, आपल्या इन्सॅट उपग्रहांनीही त्याचा उपयोग केला आहे. पण सगळीकडून बंद असलेली पेटी, जिच्यातून काही बाहेर जात नाही आणि जी बाहेरच्या कशाचाही आधार घेत नाही, ती स्वतःला ढकलू शकते का? नाही. हे 'नाही' मी कुठलंही पुस्तक पुढे करून म्हणत नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत निर्वात कक्ष आणि अगदी बारीक बल मोजायची साधनं जुळवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. अशा दाव्यांमध्ये आकडा नेमका कुठून येतो ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, ही इच्छा बाळगण्यात काहीच वावगं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंगळयान निघालं तेव्हा त्याचं वजन १,३३७ किलो होतं आणि त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन होतं. चांद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मॉड्यूलचं, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागाचं, वजन २,१४८ किलो, त्यात १,६९६ किलो इंधन. म्हणजे जे काम करायला यान जातं त्या कामाची उपकरणं उरलेल्या जागेत कोंबायची. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण असं निर्दयी आहे की वेग बेरजेने वाढवायचा तर इंधन गुणाकाराने वाढतं. इंधनासह वजन रिकाम्या यानाच्या तिप्पट ठेवून जो वेग मिळतो, त्याच्या दुप्पट वेग हवा असेल तर ते नऊपट ठेवावं लागतं. ज्याने हा हिशोब एकदा हाताने केला आहे त्याला टाकीशिवायच्या इंजिनाचं स्वप्न पडणारच.

आता मूळ मुद्दा. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी कोळी लांब बांबू चिखलात रोवतो आणि होडी पुढे काढतो. होडीला जितका संवेग (वस्तुमान गुणिले वेग) पुढच्या दिशेने मिळतो तितकाच चिखलाला, पर्यायाने पृथ्वीला, मागच्या दिशेने मिळतो. तोच बांबू त्याने होडीच्याच नाळेला टेकवला आणि अंगातली सगळी ताकद लावली, तरी होडी जागची हलणार नाही. रॉकेट स्वतःचा चिखल बरोबर घेऊन निघतं, एवढाच फरक. म्हणून असा कुठलाही दावा समोर आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ढकललं कशाला? यानाला जो संवेग मिळाला तेवढाच उलट संवेग कोणाच्या खात्यात गेला?

संवेग अक्षय्यतेचा नियम नववी-दहावीत पाठ केलेला असतो, म्हणून तो जुनापुराणा वाटतो आणि एखादा नवा शोध त्याला बाजूला सारेल असंही वाटतं. त्याची मुळं किती खोल आहेत ते गणितज्ञ एमी नोएथरने १९१८ मध्ये दाखवलं. आज वाशीत केलेला प्रयोग उद्या पनवेलला किंवा गुरू ग्रहाच्या पलीकडे त्याच नियमांनी चालतो, जागा बदलली म्हणून निसर्गाचे नियम बदलत नाहीत. एवढ्या एका गोष्टीतून संवेगाची अक्षय्यता गणिताने निघते. न्यूटनचे नियम अपुरे ठरले, क्वांटम यांत्रिकी आलं, सापेक्षता आली, पण हा धागा तुटला नाही. बंद पेटी स्वतःला ढकलते असं म्हणणाऱ्याला, जागेनुसार भौतिकशास्त्र बदलतं असंही म्हणावं लागेल. तसा पुरावा आजवर एकही नाही.

यावर नेहमीचा प्रतिप्रश्न असतो की पेटीत पदार्थ नाही, विद्युतचुंबकीय लहरी आहेत, मग जुना नियम कसा लागू होईल? लहरींनाही संवेग असतो. मॅक्सवेलच्या सिद्धांतातून प्रकाशाचा दाब निघतो आणि १९०० च्या सुमारास रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेडेव्हने तो प्रत्यक्ष मोजला. ईएमड्राइव्ह १९९९-२००१ च्या काळात ब्रिटनमध्ये रॉजर शॉयर यांनी पुढे आणला. निमुळता, दोन्ही टोकांना बंद तांब्याचा डबा, आत मायक्रोवेव्ह. मोठ्या तबकडीवर लहरींचा दाब जास्त, छोटीवर कमी, म्हणून डब्यावर निव्वळ बल उरतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तिरक्या भिंतीचा हिशोब हरवतो. तिरक्या भिंतीवरही दाब आहे आणि त्या दाबाचा अक्षाच्या दिशेने एक घटक आहे. तो धरला की बेरीज शून्य येते, आकार कसाही घ्या. मॅक्सवेलच्या समीकरणांतून बंद डब्यावर निव्वळ, टिकाऊ बल निघतच नाही.

आता ऊर्जेचा मुद्दा. तो मला संवेगापेक्षाही जास्त पटणारा वाटतो, कारण तो समजायला फक्त भागाकार लागतो. आणि मराठीत याबद्दल लिहिताना तो बहुतेक वेळा सुटून जातो, म्हणून इथे थांबू या.

समजा एक यंत्र आहे. त्याला १ किलोवॅट वीज दिली की ते कायम १० न्यूटन बल देतं आणि बाहेर काहीच टाकत नाही. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. वेग १०० मीटर प्रति सेकंद झाला की बल गुणिले वेग बरोबर १,००० वॅट. वेग त्याहून थोडा वाढला की आपण १ किलोवॅट देतोय आणि यानाची गतिज ऊर्जा मात्र १ किलोवॅटपेक्षा जास्त दराने वाढतेय. मोठ्या चाकाच्या कडेला अशी दोन यंत्रं लावा, चाक १०० मीटर प्रति सेकंदाच्या वर फिरवा, आसाला जनित्र जोडा. त्या जनित्रातून यंत्रांना लागणारी वीज देऊनही वर उरेल. टर्बाइनची पाती याहून वेगाने फिरतात, तेव्हा चाक बनवणं मुळीच अवघड नाही. म्हणजे आपण अंतराळयानाचं इंजिन शोधलं नाही, फुकट विजेचं यंत्र शोधलं.

ज्या वेगापुढे ऊर्जा फुकट मिळू लागते तो सीमावेग काढायचा तर शक्तीला बलाने भागायचं, बस. नासाच्या ईगलवर्क्स प्रयोगशाळेने ईएमड्राइव्हसाठी जो आकडा दिला तो किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन होता. १,००० भागिले ०.००१२, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटर. कोणी म्हणेल की एवढा वेग गाठतंय कोण, पार्कर सोलार प्रोबसुद्धा सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किलोमीटरवर पोहोचलं. पण वेग कुणाच्या सापेक्ष? सेकंदाला २,००० किलोमीटरने आपल्या शेजारून जाणाऱ्या एखाद्या निरीक्षकाच्या वहीत हेच यंत्र आत्ता, इथे, टेबलावर असतानाच १ किलोवॅट खाऊन २.४ किलोवॅट दराने ऊर्जा मिळवताना दिसेल. खऱ्या रॉकेटच्या बाबतीत त्या निरीक्षकाचा हिशोब जुळतो, कारण मागे फेकलेल्या वायूची ऊर्जा तेवढी घटलेली दिसते. बंद पेटीत घटणारं काही नाहीच. म्हणजे हा घोटाळा दूरच्या भविष्यातला नाही, यंत्राचं बटण दाबल्या क्षणापासूनचा आहे.

मग सगळ्यात काटकसरीचं इंजिन कोणतं? प्रकाश मागे फेकणारं. टॉर्च पेटवून अंतराळात सोडली तर ती उलट दिशेने सरकू लागते. किलोवॅटमागे बल ३.३ मायक्रोन्यूटन. आता तोच भागाकार करा: १,००० भागिले ०.०००००३३. उत्तर येतं सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच वेग. जिथे फुकटची ऊर्जा सुरू होते ती सीमा आणि जी सीमा कोणी ओलांडूच शकत नाही ती, या दोन्ही नेमक्या एका ठिकाणी येतात. मला भौतिकशास्त्रातल्या ज्या थोड्या गोष्टी मनापासून सुंदर वाटतात त्यांतली ही एक. ईएमड्राइव्हचा दावा या सीमेच्या ३६० पट होता.

प्रकाशाचं इंजिन खरं असलं तरी फारसं उपयोगी नाही. ५०० किलोच्या उपग्रहावर १ किलोवॅटचा झोत वर्षभर अखंड चालू ठेवला तर वर्षाअखेरीस वेगात सेकंदाला २१ सेंटिमीटरची भर पडते. भूस्थिर उपग्रहाला जागेवर टिकून राहायला वर्षाला सेकंदाला साधारण ५० मीटर एवढी दुरुस्ती लागते.

तुमच्या यंत्राकडे येतो. दोन असमतोल वजनं उलटसुलट फिरतात, एका दिशेचा झटका जोराचा आणि दुसऱ्या दिशेचा हळू, असं वर्णन तुम्ही केलं आहे. टेबलावर ते सरकतं कारण स्थिर घर्षण हळू ढकलल्यावर यंत्राला धरून ठेवतं आणि जोरात झटका बसला की सोडून देतं. इथे 'ढकललं कशाला' याचं उत्तर टेबल आहे. अमेरिकेत नॉर्मन डीन यांना अशाच कल्पनेसाठी १९५९ मध्ये पेटंटही मिळालं होतं. पेटंट मिळणं आणि यंत्र चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासायचं असेल तर यंत्र छताला दोन मीटर लांबीच्या दोऱ्यांवर टांगा. यंत्र दोन किलोचं असेल आणि त्यात खरोखर ०.१ न्यूटनचं एकतर्फी बल असेल, तर त्याची सरासरी जागा एक सेंटिमीटर बाजूला सरकलेली दिसेल आणि यंत्र चालू असेपर्यंत तशीच राहील. ते जागेवरच थरथरलं तर उत्तर मिळालं. बॅटरी यंत्रावरच ठेवा, बाहेरून वायर आणू नका. वायर का नको, ते पुढच्या गोष्टीत आहे.

ईगलवर्क्सचा निबंध २०१६ च्या अखेरीस एका नामांकित नियतकालिकात आला आणि 'नासाने सिद्ध केलं' अशा बातम्या झाल्या. त्यांनी डब्याला दिलेली शक्ती होती ४० ते ८० वॅट, म्हणजे त्यांच्या आकड्याप्रमाणे बल फार तर १०० मायक्रोन्यूटनच्या आसपास. १०० मायक्रोन्यूटन म्हणजे दहा मिलिग्रॅमचं वजन. हा आकडा मोजता येतो, तो फार लहान नाही. अडचण अशी की त्याच्याएवढ्या किंवा त्याच्याहून मोठ्या दहा गोष्टी त्याच तराजूवर येऊन बसतात.

पहिली गोष्ट उष्णता. तांब्याचा डबा आणि त्याच्यामागचा अँप्लिफायर तापतो, धातू प्रसरण पावतो, वस्तुमानाचा मध्य केसाएवढा सरकतो. पीळ-तराजूचा (पिळावरून बारीक बल मोजणाऱ्या तराजूचा) दांडा पूर्ण आडवा नसेल, आणि तो कधीच पूर्ण आडवा नसतो, तर तेवढ्यानेही दांडा फिरतो आणि आलेखावर बल दिसतं. ईगलवर्क्सच्या आलेखातही तापण्यामुळे आलेला सरकाव आणि त्यांना अभिप्रेत असलेलं बल एकमेकांत मिसळलेलं होतं, आणि ते वेगळं काढायला त्यांनी सिग्नलचा एक आकार गृहीत धरला होता. अशा आलेखात मी पहिल्यांदा वेळ बघतो. विद्युतचुंबकीय बल स्विच टाकताच यायला हवं आणि स्विच काढताच जायला हवं. ते सावकाश चढत असेल, सावकाश उतरत असेल, तर समोर थर्मामीटर आहे असं समजून पुढची तपासणी करावी.

दुसरी गोष्ट वायर. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन ताजमार यांच्या गटाने २०१८ मध्ये स्वतःचा ईएमड्राइव्ह बनवून निर्वातात टांगला. २ वॅटवर त्यांना ४ मायक्रोन्यूटन बल दिसलं, म्हणजे दावा केला होता त्याहूनही चांगलं. मग त्यांनी जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम होतं. डबा फिरवून बल भलत्याच दिशेला येईल असा ठेवला, तरी तराजूने तेच बल दाखवलं. मध्ये अटेन्युएटर (लहरींची शक्ती कमी करणारा भाग) लावून डब्यात जाणारी मायक्रोवेव्ह जवळजवळ नाहीशी केली, तरी बल जसंच्या तसं. म्हणजे बल डब्यातून येतच नव्हतं. अँप्लिफायरला जाणाऱ्या वायरमधून दोनेक अँपिअर प्रवाह होता. तेवढा प्रवाह वाहणारी काही सेंटिमीटर वायर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात असली की काही मायक्रोन्यूटन आपोआप मिळतात. गुणाकार करून बघा: क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला, प्रवाह २ अँपिअर, लांबी ४ सेंटिमीटर. ३.६ मायक्रोन्यूटन. २०२१ मध्ये याच गटाने तराजू आणखी सुधारला, उष्णतेने होणारा सरकाव काबूत आणला, आणि उरलेलं बलही गेलं. प्रकाश-इंजिनाच्या सीमेपेक्षाही खाली त्यांना काही सापडलं नाही.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं दुबळं वाटतं की प्रयोग करणारे ते विसरतात. आपल्याकडच्या लोकांनी ते शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून भूचुंबकीय नोंदी व्हायच्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, आणि तिथे आजही नोंदी होतात. ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे तुमच्यापासून एका लोकलच्या अंतरावर.

आमच्याकडे रबाळ्यात मायक्रोन्यूटन मोजायचं तर आणखी शत्रू भेटतात. ठाणे-बेलापूर रोडवरचे कंटेनर, ट्रान्स-हार्बरची लोकल, शेजारच्या गाळ्यातला प्रेस, सगळे तराजूच्या आलेखात आपापली सही करून जातात. कक्षातून हवा पूर्ण गेली नसेल तर तापलेल्या पृष्ठभागाजवळची उरलीसुरली हवा ढकलते. केबलचं प्लॅस्टिक तापून मऊ पडतं आणि तिचा ताण बदलतो. पावसाळ्यात कक्ष उघडला की भिंतींवर पाण्याचा थर बसतो, तो पुढे दोन दिवस वायू सोडत राहतो, आणि वायू सुटणं म्हणजे एक बारीकसं रॉकेटच. म्हणून माझ्याकडे कुणी 'बल मिळालं' म्हणून आलं की मी बलाचा आलेख नंतर बघतो. आधी विचारतो की यंत्राच्या जागी तेवढीच वीज खाणारा साधा रेझिस्टर बसवून काढलेला आलेख कुठे आहे. तो काढलेला नसेल तर अजून काहीच मोजलेलं नाही.

आता ज्या वाटा खऱ्या आहेत त्या सांगतो. तुमच्या वयात हीच माहिती कुणी मला दिली असती तर फार आवडलं असतं.

सूर्यप्रकाश. पृथ्वीजवळ तो चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट देतो. चकाकत्या पालावर, म्हणजे शिडासारख्या पसरलेल्या पातळ पडद्यावर, आपटून परतला की दाब चौरस मीटरला ९ मायक्रोन्यूटन. एक एकर आरसा पसरला तर मिळतं पावणेचार ग्रॅमचं वजन. हसण्यावारी नेऊ नका, कारण हे बल वर्षानुवर्षं संपत नाही. जपानचं इकारोस २०१० मध्ये निघालं, त्याचं पाल १४ मीटर बाजूचं आणि केसापेक्षा बरंच पातळ, साडेसात मायक्रोमीटर. त्यावर मोजलेलं बल १.१२ मिलिन्यूटन होतं आणि यान डिसेंबर २०१० मध्ये शुक्राजवळून गेलं. नंतर लाइटसेल-२ ने ३२ चौरस मीटर पालाच्या जोरावर पृथ्वीभोवतीची आपली कक्षा बदलून दाखवली.

आपला संबंध याहून जुना आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. इन्सॅट-१ आणि इन्सॅट-२ मालिकांतल्या हवामानाचा कॅमेरा असलेल्या उपग्रहांना सौरपंख एकाच बाजूला असायचा, कारण दुसरी बाजू त्या कॅमेऱ्याला थंड ठेवण्यासाठी मोकळी लागायची. एका बाजूच्या पंखावर सूर्यप्रकाशाचा दाब पडला की उपग्रह हळूहळू कलणार. तो तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला लांब दांड्याच्या टोकावर एक छोटं सौरपाल बसवलेलं असे. एप्रिल १९८२ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१ए चं पाल उघडलंच नाही. इतर अडचणीही आल्या, पण शेवटी सप्टेंबरमध्ये दिशा सांभाळण्याचं इंधन संपलं आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. मायक्रोन्यूटनमध्ये मोजायच्या बलाला क्षुल्लक म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

आणखी एक उदाहरण पायोनियर-१० आणि ११ चं. ही यानं सूर्यमालेबाहेर जाताना अपेक्षेपेक्षा किंचित जास्त मंदावत होती, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलावेत का यावर कित्येक वर्षं निबंध लिहिले गेले. २०१२ मध्ये उत्तर मिळालं: अणुबॅटरीची उष्णता यानाच्या एका बाजूने जास्त बाहेर पडत होती. अडीचशे किलोच्या यानाला मंदावायला फक्त पासष्टेक वॅट एकतर्फी उष्णता पुरली. नकळत तयार झालेलं प्रकाश-इंजिनच ते.

चुंबकीय क्षेत्र. उपग्रहात कॉइल ठेवून प्रवाह सोडला की ती पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळायला बघते आणि उपग्रह वळतो. लहान-मोठ्या कितीतरी उपग्रहांत हे रोज वापरलं जातं. वळवायचं नसून ढकलायचं असेल तर लांब तार हवी. दहा किलोमीटरची तार, १ अँपिअर, ३० मायक्रोटेस्ला: ०.३ न्यूटन, जे आयन इंजिनापेक्षा सहज मोठं आहे. १९९६ मध्ये स्पेस शटलवरून अशी तार सोडली होती. ती १९.७ किलोमीटर उलगडली, तिच्यात ३,५०० व्होल्ट तयार झाले, आणि मग तुटली. पण भौतिकशास्त्र बरोबर निघालं.

या तारेला मघाचा भागाकार लावून बघा. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने जाताना दहा किलोमीटर तारेत २,२५० व्होल्ट उलट दाब तयार होतो. १ अँपिअर त्याच्याविरुद्ध रेटायला २,२५० वॅट लागणार. २,२५० भागिले ०.३ बरोबर ७,५०० मीटर प्रति सेकंद. म्हणजे सीमावेग नेमका तोच, ज्या वेगाने तार पृथ्वीच्या क्षेत्राच्या सापेक्ष जाते आहे. जास्त वेगाने जा, जास्त वीज द्यावी लागेल. हिशोब कधीच फुकटात जात नाही. खऱ्या जोडीदाराला ढकलणारं यंत्र आणि कागदावरचं यंत्र यांत हाच फरक असतो. खऱ्या यंत्राला 'कुणाच्या सापेक्ष वेग' हे माहीत असतं.

ग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मिळणारा धक्का तुम्हाला ठाऊक असेलच. व्हॉयेजर-२ ने गुरू, शनी, युरेनस असे टप्पे घेत १९८९ मध्ये नेपच्यून गाठला. यानाचा वेग वाढला तेवढा ग्रहाचा संवेग घटला, आणि ग्रह एवढा मोठा की ते जाणवतही नाही.

शेवटी 'क्वांटम निर्वाता'ला ढकलण्याचा दावा. रिकाम्या जागेत क्वांटम क्षेत्रं आहेत, हे खरं. पण निर्वात सगळ्या एकसमान वेगाच्या निरीक्षकांना अगदी सारखा दिसतो. त्याला स्वतःचा वेग नाही, म्हणून त्याचा आधारही घेता येत नाही. आरसा फार वेगाने हलवला तर निर्वातातून खरे फोटॉन बाहेर पडतात, आणि हे २०११ मध्ये स्वीडनमध्ये प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं. त्यात धक्का मिळतो, पण फोटॉन बाहेर गेले म्हणजे आपण पुन्हा किलोवॅटला ३.३ मायक्रोन्यूटनवर आलो. सामान्य सापेक्षतेत एक विलक्षण अपवाद आहे: वक्र अवकाशात एखादी वस्तू आकार बदलत बदलत संवेग न मिळवताही थोडी 'पोहू' शकते, असं शास्त्रज्ञ जॅक विस्डम यांनी २००३ मध्ये दाखवलं. पृथ्वीजवळ मीटरभर वस्तूने एक हात मारला तर सरकण्याचं अंतर मीटरच्या दशांश चिन्हानंतर बावीस शून्यं लिहून मग एक. कल्पना म्हणून मोलाची आहे, इंजिन म्हणून नाही.

प्रोजेक्टबद्दल माझं स्पष्ट मत असं. फिरत्या वजनांचं यंत्र छताला टांगून एका दुपारी निकालात काढा आणि ती नोंद जपून ठेवा. मग चुंबकीय कॉइलने उपग्रह वळवण्याचा प्रोजेक्ट घ्या. दहा सेंटिमीटर बाजूची चौकोनी चौकट, शंभर वेढे, पाव-अर्धा अँपिअर प्रवाह, सोबत स्वतःची बॅटरी आणि ब्लूटूथवर चालणारा स्विच, हे सगळं एका बारीक दोऱ्यावर लटकवा. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे, तेव्हा अपेक्षित पीळ आधी कागदावर काढून ठेवा. पंखे बंद, खिडक्या बंद, भोवती पुठ्ठ्याचं खोकं. टेबलाखालच्या लोखंडी पायांपासून दूर राहा, ते क्षेत्र वाकवतात. चौकट उत्तर-दक्षिण ठेवून, मग पूर्व-पश्चिम ठेवून, मग प्रवाह उलटा करून मोजा. पीळ कोनानुसार बदलला पाहिजे आणि प्रवाह उलटला की त्याची दिशाही उलटली पाहिजे. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी कॉइलच्या जागी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर लावून एक पूर्ण दिवस मोजा. तो आलेख रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लावा, म्हणजे परीक्षकांचा पहिला प्रश्न त्यांनी विचारायच्या आधीच सुटलेला असेल. दोऱ्याचा पीळ-स्थिरांक काढताना अडलात तर मला आकडे पाठवा.